सगळे डावीकडं बघत होते

आम्ही मूळचे शिंदखेड्याकडचे, पण मी जन्मले इथं सुरतेजवळ कडोदऱ्यात, लूम्सच्या खात्याला, म्हणजे मागांच्या कारखान्याला लागून असलेल्या खोलीत, आणि काय सांगू ताई तुम्हाला, माझा पाळणाच त्या खटखटाटात हलला. माय-बाप दोघं मशीनवर. शाळा सुटली की मीही तिथंच, पुढं कॉलेजात गेले तरी एक पाळी करायचीच. खात्यात बोललेलं ऐकतो कोण, ओठ बघायचे, हात बघायचे, माय त्या टोकावरून जेवलीस का विचारायची ते मला या टोकाला कळायचं. आम्हाला वाटायचं, केवढी ही हुशारी.

मग कॉलेजातून पोरापोरींना शिडाच्या जहाजावर शिकायला नेतात त्यात माझा नंबर लागला. बाप म्हणे, इतकी वर्षं सुरतेत राहून आपण हजीऱ्याचा समुद्र धड पाह्यला नाही आणि ही चालली जहाजावर. डॉक्टरनं समोर बसवून नाव-गाव विचारलं, मी पटापट सांगितलं, पास. कोचीहून निघालो. सगळे ओकले, मीही ओकले, पण शीड बांधायला डोलकाठीवर चढायचं म्हटलं की मी पुढं. आमच्या अधिकारी मॅडम म्हणाल्या, तुझं नाव वर पाठवते, तुला जहाजावरच ठेवून घेतील. कायमची नोकरी हो! मी तर मनातल्या मनात खातं तेव्हाच सोडलं.

आणि एका सकाळी वारा पडला. धुकं असं की डोलकाठीचं टोक दिसेना, इंजिन बंद, शिडं लोंबलेली. मॅडमनी तोंडावर बोट ठेवलं, सगळे गप. मी उजवीकडं पाण्यात बघत उभी. जरा वेळानं मान वळवली तर सगळेच्या सगळे डावीकडं बघत होते, एक पोरगी तर रडत होती. धुक्यात दिसत तर काहीच नव्हतं. ते ऐकत होते, ताई. देवमासे श्वास सोडत होते आणि ते ऐकत होते, आणि माझ्या कानात आपलं खातं चालू. मी घाईनं डावीकडं वळले, तोंड उघडं टाकलं, नाटक केलं. मग एक काळी पाठ वर आली, जहाजाला घासेल इतकी जवळ, ओली चकचकीत, संपता संपेना, ती मी पाहिली, खोटं नाही सांगत. पण मॅडमनी मला आधीच पाहिलं होतं. माझ्या पाठीमागं उभं राहून त्यांनी पुन्हा पुन्हा हाक मारली म्हणे. मी वळलेच नाही.

किनाऱ्यावर कान तपासले. मशीनचे कान आहेत, डॉक्टर म्हणाले, आता बरे होत नसतात. नाव काही वर गेलं नाही. मॅडमचंही खरं, वर चढलेल्या माणसाला खालची हाक ऐकू आली नाही तर जीव जातो. पण मग मी राग काढू कोणावर? मायवर? ती स्वतः बहिरी. परत आले तर खात्याचा सेठ हसून म्हणाला, चालशे, आपल्याकडं कानाचं काय काम. त्याचा बंगला खात्यापासून चांगला लांब आहे, झाडीत.

आता नवराही मशीनवर, मीही मशीनवर. लेक झाली तशी तिला बारडोलीला सासूकडं ठेवली, उसाच्या मळ्यात. शेजारणी बोलतात, कसली ही आई. बोलू द्या, मला कुठं ऐकू येतं. तिचे कान तेवढे शाबूत राहोत, बाकी तिचं ती बघेल. सुट्टीच्या दिवशी जाते मी. सासू सांगते, पोरगी हसते तेव्हा आवाज फार गोड येतो. मी तिच्या ओठांकडं बघत बसते.