भिंतीकडं तोंड

शहाण्णव साल होतं. राहुरीच्या स्टँडवर जयमाला स्वेटर विणत बसली होती. शेजारी दोन विहिणी येऊन टेकल्या; एक लग्न उरकून संगमनेरला निघालेली, दुसरी तिला गाडीत बसवायला आलेली. थोड्याच वेळात जयमालेचे टाके चुकायला लागले.

"इहीनबाई, माज्या कानावर आलंय. आमची नात दीपी आरडाय लागली की तुमी समदे तिच्याकडं पाठ करून बसता म्हनं."

"व्हय. नगरच्या दवाखान्यातल्या बाईंनीच सांगितलंय. हट्टानं वरडली तर बघायचं न्हाई, शांतपनी मागितलं की लगेच द्यायचं."

"आन शेजारपाजारचे?"

"पैल्यांदा सारी आळी पळत यायची. मंग घरोघर जाऊन शिकवलं. आता दीपी वरडली की समदे भिताडाकडं तोंड करून हुभे ऱ्हात्यात. परवा पोस्टमन बी हुभा ऱ्हायला, का म्हनून न इचारता."

"पोर बोलत न्हाई, त्यात ही तऱ्हा."

"ऐका तर. काल मी भाकरी थापत हुते, भिताडाकडं तोंड करून. तिचं वरडनं थांबलं. मागून आली, माजी हनुवटी धरली, आन तोंड सवताकडं फिरवलं."

"दीपीनं? ती तर कुनाच्या तोंडाकडं बघत न्हाई."

"बघितलं की. चांगलं डोळ्यात."

"मंग तुमी काय केलं?"

"शांतपनी मागितलं की द्यायचं. बघत बसले. भाकर पार करपली."

संगमनेरची गाडी लागली.

"उठा, इहीनबाई. जागा मिळायची न्हाई."

"जाऊ द्या गाडीला. मला घरी न्या, आन भिताडाकडं तोंड करून बसवा."