सही जुळत नाही

कोर्टात दावे दाखल करायच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई आणि तिचा थोरला भाऊ होते. खिडकीतल्या कारकुनाने त्यांचा अर्ज परत सरकवला.

"ताई, यांची सही ओळखपत्रावरच्या सहीशी जुळत नाही."

"कशी जुळेल? दादाला भास व्हायचे. त्यावरच्या गोळ्यांनी हात थरथरायला लागले. म्हणून तर गोळ्यांच्या कंपनीवर दावा लावतोय!"

"ते खरं हो, पण सही जुळायला हवी."

"आणि जुळली तर?"

"लगेच घेतो की."

"मग कंपनीचा वकील म्हणेल, हात तर ठणठणीत आहे."

"ते तुमचं तुम्ही बघा. थरथरीवरही गोळी मिळते. ती द्या यांना, आणि पुढच्या आठवड्यात या."

दादा म्हणाला,

"चालू आहे, साहेब. तीही त्याच कंपनीची आहे."