फाटकाच्या दोन खोल्या

मी राहात्याकडची, बाई. बाप लोकांच्या रानात मजुरी करायचा अन् रविवारी मिशनच्या देवळात घंटा वाजवायचा. लग्न झालं अन् भिंगारच्या पल्याड साहेबाच्या या बागेत आले, आमचे हे इथं फाटकावर रखवालदार, नवेच लागलेले. काय सांगू तुमाला, टांग्यातनं उतरले अन् बघतच ऱ्हायले. घडीव काळ्या दगडाच्या दोन खोल्या, फाटकाच्या ह्या अंगाला एक, त्या अंगाला एक, मधनं बंगल्याकडं जायचा रस्ता. दोन्हीला सारख्याच कमानी, सारखीच कौलं, वर सारखंच धुराडं. मला वाटलं, राणीच झाले मी.

राणी कसली! उजवीकडं चूल, डावीकडं निजायचं. भाकरीची पाटी घेऊन रस्ता वलांडायचा, मोटार आली की तिथंच थांबायचं, साहेब गेला की मग कालवण. दगड बाहेरनं गुळगुळीत, आतनं तसाच ओबडधोबड, आत कोन बघतंय? खिडकी एकच, तीबी रस्त्याकडं, अन् साहेबाचा हुकूम, पाव्हनं यायचं असलं की खिडक्या बंद, आमची चिंधीबी दिसता कामा न्हाई.

लढाई चालू हुती तवा, ऐन थंडीत मला पोरगा झाला. दगडाची खोली, लई गार. नवव्या दिवशी दुपारी बंगल्यावर पलटनीचे साहेब जेवायला यायचे हुते, हे फाटकावर उभे. मी खिडकी लावली, दार लावलं, अन् बाळंतिनीला शेक पायजे म्हनून भिंतीतल्या कोनाड्यात शेन्या अन् कोळसा पेटवला. पलीकडं तसलाच कोनाडा, त्यातच आमची चूल, धूर सरळ वर जायचा. इथंबी वर धुराडं हायच की, मी इचारायला जाते कशाला? उबेनं माझा डोळा लागला. मोटारी आत गेल्या तवा हे पानी प्यायला आले, दार उघडलं तर आत धूरच धूर. मला वढत बाहेर काढलं, मी वाचले. लेकरू न्हाई वाचलं. बाप्तिस्मा व्हायचा हुता, नावबी ठेवलं नव्हतं.

बंगल्याचा म्हातारा माळी आला, खाली मान घालून उभा ऱ्हायला अन् म्हनला, सूनबाई, ते धुराडं भरीव हाय, नुसती जोड दिसावी म्हनून बांधलेलं, मला वाटलं तुमाला ठाव असंल. समद्यांना ठाव हुतं, बाई. माझ्यावर कुनी रागावलं न्हाई, हे तर कधीच न्हाई. पन खिडकी माझ्या हातानं लावली, जाळ माझ्या हातानं केला, हे कुनाला सांगू? देवाला सांगते रोज.

साहेब इलायतेला गेला, बाग नगरच्या एका शेटनं घेतली. यांनी हात जोडून इचारलं, ते धुराडं पाडू का? शेट म्हनले, शोभा जाईल. लोक येत्यात, मान वर करून बघत्यात, वा वा म्हनत्यात. मी चुलीपाशी बसते.

उद्या आमी राहात्याला चाललो. नवा रखवालदार आजच आलाय, त्याची बायको सातव्या महिन्यात. सामान उतरायच्या आधी मी तिला हाताला धरून आत नेलं, कोनाड्यापाशी वाकवलं, म्हनलं, वर हात घाल. तिनं घातला, दगडाला लागला. म्हनलं, परत घाल. परत घातला. मग तिच्या पोटावर हात ठेवला अन् म्हनलं, ठाव झालं नव्हं तुला, आता सुखानं मोकळी हो.