ड्रॅगनचे मागचे पाय

...आणि वर आत्या मलाच ओरडते, ‘अरे, मुलीनं छंद विचारला तर वाचन सांगावं, पोहणं सांगावं! ड्रॅगन होतो म्हणून काय सांगतोस?’ आता होतो तर होतो! तुम्हाला सांगतो, आठवडाभर मी लोकांच्या कवळ्या बनवतो, खालच्या, वरच्या, आणि रविवारी ड्रॅगन असतो. कॉस्प्ले म्हणतात त्याला... कॉमिकमधलं, गेममधलं एखादं पात्र घ्यायचं, त्याचा पोशाख स्वतः कापायचा, शिवायचा, रंगवायचा, अंगावर चढवायचा आणि सगळ्यांनी एका हॉलमध्ये जमायचं. बस्स! दारू नाही, जुगार नाही! पण सांगून बघा एखादीला... एक म्हणाली, ‘याचे पैसे मिळतात?’ म्हटलं, नाही. ‘मग डॉक्टरांना दाखवलंत?’ दुसरी समजूतदार निघाली, तिनं उलट मलाच धीर दिला, ‘लग्नानंतर सुटेल हो हळूहळू.’ घरी येऊन खोलीतला दिवा लावावा तर भिंतीवर पंख, कपाटावर शिंगं, सगळी माझ्याकडे बघताहेत आणि बोलत कुणीच नाही! एक माणूस हवं होतं हो, आपलं! फार मागत होतो का?

आणि भेटली की! हॉलच्या दारात माझा डावा पंख अडकला, टर्रकन फाटला, मी आपला एका पंखावर केविलवाणा उभा... तर मागून आवाज, ‘हलू नका. शिंकूसुद्धा नका!’ बघतो तर चिलखत घातलेली सेनापती! पट्ट्यातून बाकदार सुई काढली आणि चार मिनिटांत पंख होता तसा! सोफे शिवते म्हणाली, स्वतःचं दुकान आहे. मग माझ्या जबड्यात डोकावून म्हणते, ‘अय्या, दात काय सुरेख आहेत! कुठून आणलेत?’ चौतीस वर्षांत माझ्या दातांना कुणी सुरेख म्हटलं नव्हतं हो... म्हणजे तेही माझे नव्हते, पण केले होते मीच ना! मग म्हणाली, ‘पुढच्या वेळी दोघांत एक ड्रॅगन करू या? मोठा! मी डोकं, तुम्ही मागचे पाय.’ मागचे पाय! अहो, ती म्हणाली असती तर मी नखंसुद्धा झालो असतो!

अकरा रविवार मी तिच्या दुकानात. जमिनीवर फोम पसरलेला, तिच्या ओठांत टाचण्या, तशीच गुणगुणायची आणि तिच्या कपातला अर्धा चहा न विचारता माझ्या कपात ओतायची. घरी आई म्हणे, ‘काय रे, आज दोनदा हसलास?’ एक माणूस हवं होतं हो, आपलं... आणि मला वाटलं, मिळालं!

ठरवलं, कार्यक्रमाच्या दिवशी बोलायचं. ड्रॅगनच्या आत! एवढा एकांत दुसरीकडे कुठे मिळणार? बाहेर लोकांचा कल्लोळ, आत मी कंबरेत वाकलेला, नाक तिच्या पाठीला टेकलेलं... म्हटलं, ‘मला तुम्ही आवडता.’ ‘काय? डावीकडे?’ ‘अहो, आवडता! तुम्ही!’ आणि वळली ना ती डावीकडे! डोकं डावीकडे, पाय उजवीकडे, चार खुर्च्या आडव्या... लोकांना वाटलं नाचच बसवलाय! पहिलं बक्षीस!

नंतर घामाघूम होऊन जिन्यावर बसलो होतो. ती हळूच म्हणाली, ‘मी ऐकलं होतं. काय बोलावं सुचेना, म्हणून वळले.’

मी आपला ड्रॅगनचे दात रुमालानं पुसायला लागलो.

‘माझं ठरलंय हो. त्यांना यातलं ओ की ठो कळत नाही. पण मी मुखवट्यात असले की पाण्याची बाटली आणि स्ट्रॉ धरून उभे राहतात... आपला ड्रॅगन मात्र मोडायचा नाही हं!’ आता ‘आपला’ म्हणाल्यावर काय बोलणार? म्हटलं, ‘छे छे, मोडतोय कशाला!’ घरी आलो, दिवा लावला नाही. एक माणूस हवं होतं हो, आपलं... होतं की! फक्त दुसऱ्याचं होतं.

परवा तिचा फोन. ‘अहो, यंदा यांनाही ड्रॅगनमध्ये यायचंय! मागचे पाय त्यांना दिले तर तुम्हाला चालेल ना?’ म्हटलं, चालेल, न चालायला काय झालं? तेव्हा यंदा मी शेपूट. चांगली आहे तशी, सात फुटी... आत जागा एकट्यापुरतीच. म्हणजे माझ्याच मापाची!