नजरेचा वाटा

एल्मास: नाही हुरू, तू त्यांची बाजू घेऊ नकोस. खातात आणि तोंड पुसून चालू पडतात. एकीनं तरी म्हटलं का, की बाई, तुमच्या हातांना आरोग्य लाभो? शेळ्या कुंपण चरून जातात ना, तसं.

हुरू: शहरातली माणसं, एल्मासताई. त्यांना कोण शिकवणार?

एल्मास: शहरात काय माणसं राहत नाहीत? माझी सेविम पण इझमीरलाच राहते की. पाच मंगळवार झाले, ही मंडळी बसमधून घेऊन येतेय. मला वाटलं, लेकीच्या ओळखीतली माणसं, बाजार बघायला आलीत, घाला त्यांच्या तोंडात घास. तुझं चीज, इस्माइलची अंजिरं, त्या बहिऱ्या रेजेपचा मध. मीच पालापालावर जाऊन सांगितलं ना, हे माझे पाहुणे म्हणून?

हुरू: तूच सांगितलंस. म्हणून तर दिलं.

एल्मास: म्हणून तर दिलं म्हणजे? एरवी दिलं नसतंस? आपल्या बाजारात चवीला ओळख कधीपासून लागायला लागली? ज्यानं बघितलं, ज्याच्या नाकात वास गेला, त्याचा त्यात वाटा. नजरेचा वाटा. तो नाही दिला तर आपला घास आपल्याच घशात अडकतो.

हुरू: एका माणसाच्या नजरेचा वाटा देता येतो गं. इथे बसभर नजरा आहेत. गेल्या मंगळवारी कातड्यात मुरवलेलं माझं चीज तळाला गेलं, आणि विकत घेतलं कोणी? एका म्हाताऱ्यानं, तेही मांजरासाठी.

एल्मास: मग तेव्हाच का नाही बोललीस? तुझी जीभ काय कातड्यात मुरत घातली होतीस?

हुरू: तुझे पाहुणे ना.

एल्मास: आणि आज सगळ्यांना झालंय काय? रेजेपनं सकाळचा चहा पाठवला नाही. टोपल्यावाल्याची सून, ती गुलिझार, सातवा महिना लागलाय, दर मंगळवारी इथे माझ्या पोत्यावर येऊन बसते. आज पलीकडच्या कडेनं गेली. मी हाक मारली तर पाय उचलला तिनं.

हुरू: ऐकू आलं नसेल.

एल्मास: माझी हाक मशिदीपर्यंत जाते.

हुरू: तुझा तवा बघ आधी, धूर निघतोय.

एल्मास: माझा तवा मला कळतो. तू तोंड उघड. सकाळपासून तुझ्या पोटात काहीतरी आहे. चीज कापतेस नि माझ्याकडे बघतेस, चीज कापतेस नि माझ्याकडे बघतेस.

हुरू: आत्ता ती निळ्या टोपीची बाई होती ना, तिला मी एक ताज्याचा तुकडा दिला, एक मुरलेल्याचा. तर हात पुढेच. म्हणते, तिसरा? मी म्हटलं, तिसरा कसला? तर तिनं हा कागद काढून दाखवला. प्रत्येक ठिकाणी तीन चवी लिहिल्यात म्हणते, आम्ही त्याचे पैसे भरलेत.

एल्मास: कोणाला भरलेत?

हुरू: कागद विसरून गेली इथेच.

एल्मास: हुरू. कोणाला?

हुरू: यावर तुझा फोटो आहे, ताई.

एल्मास: माझा? आण इकडे. हो, मीच. लाटणं हातात आहे. खाली काय लिहिलंय, वाच. माझा चष्मा घरी राहिला.

हुरू: तुझा चष्मा चाळीस वर्षं घरीच राहिलाय. बरं, ऐक. ‘एल्मास आजीबरोबर गावच्या बाजारात. आजी स्वतः तुम्हाला पालोपाली फिरवून खाऊ घालेल. शेवटी आजीच्या तव्यावरची गरम ग्योझलेमे, म्हणजे चीज भरलेली पातळ पोळी.’ खाली सेविमचं नाव आणि फोन.

एल्मास: परत वाच.

हुरू: परत वाचून बदलणार आहे का ते?

एल्मास: म्हणजे तुम्ही माझ्या शब्दाखातर जे दिलंत, ते माझ्या लेकीनं आधीच विकलेलं होतं.

हुरू: असं नको म्हणूस.

एल्मास: मग कसं म्हणू? तू सांग, तसं म्हणते. बाजाराला कधीपासून माहीत आहे?

हुरू: दोन मंगळवार. इस्माइलला त्याच्या भाच्यानं फोनवर दाखवलं. इस्माइल म्हणाला, एल्मासला ठाऊक असणारच, तिला विचारल्याशिवाय या बाजारात मांजर इकडचं तिकडे जात नाही.

एल्मास: आणि तू काय म्हणालीस?

हुरू: मी काही बोलले नाही.

एल्मास: अडतीस वर्षं माझ्या मांडीला मांडी लावून बसतेस, आणि तिथे काही बोलली नाहीस.

हुरू: खात्री नव्हती, ताई. मला वाटलं, असेलही ठाऊक. लेकीसाठी माणूस काय काय करतं.

एल्मास: म्हणून चहा आला नाही. बरोबर आहे. मीही पाठवला नसता.

सेविम: आई! किती धूर केलायस. ऐक, मंडळी चहाच्या दुकानात बसलीत, थोड्या वेळात इकडे आणते. आज चौदा आहेत. लाटताना जरा सावकाश लाट हं, तू भराभर लाटतेस, व्हिडिओत काही दिसत नाही. आणि हा पिवळट रुमाल सोड ना, तो फुलाफुलांचा आणून दिलाय तो बांध.

एल्मास: ये सेविम. बस. हा कागद कोणाचा?

सेविम: हुरूमावशी, तुम्ही दिलात का हा?

हुरू: मी नाही गं. तो इथे पडला होता.

एल्मास: तिच्याकडे नको बघूस, माझ्याकडे बघ. फोटो माझा आहे, मी इथे बसलेय. माझ्या पालाला तू दर लावलास, ते एक वेळ मी पोटात घातलं असतं. पण हुरूच्या चीजला? रेजेपच्या मधाला?

सेविम: मी चवीचे पैसे घेत नाही, आई. बसचे घेते, माझ्या वेळेचे घेते. दिवसभर त्यांना फिरवते, समजावून सांगते. त्याला काम म्हणतात.

एल्मास: मग ती निळी टोपी तिसरा तुकडा का मागत होती?

सेविम: एखादी असते तशी.

एल्मास: कागदावर तू लिहिलंस म्हणून मागत होती. माणूस वास घेऊन थांबतो, मागायला लाजतो, आपण म्हणतो घे, तेव्हा तो घेतो. ही हात पुढे करून उभी होती. कारण तिनं विकत घेतलं होतं.

सेविम: कोणाचं काय गेलं? घासभर चीज. तसंही तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला देताच.

हुरू: देतो गं बाई. पण दिल्याचं बरं वाटायचं. आता तुझी माणसं दिसली की मी बरणीवर फडकं टाकते. इतक्या वर्षांत कधी टाकलं नव्हतं.

सेविम: मावशी, पुढच्या वेळेपासून तुम्हालाही त्यातलं देईन.

एल्मास: ऐकलंस हुरू? तुला मजुरीवर ठेवतेय.

सेविम: तुझं काय जातंय बोलायला! या बाजारात आता येतं कोण? अर्धी पालं उठली. तुझ्या नजरेच्या वाट्यावर माझ्या घरात चूल पेटत नाही, आई.

एल्मास: मागितलं असतंस तर दिलं नसतं?

सेविम: तुझ्याकडे मागायचं? तू देतेस, पण आधी अख्ख्या बाजाराला ऐकवतेस. नवऱ्याला सोडून आले, दारात पिशवी घेऊन उभी होते, तेव्हा तुझा पहिला शब्द काय होता? ‘मी सांगितलं होतं तुला.’ आत ये नंतर म्हणालीस.

एल्मास: म्हणाले तर खरी.

सेविम: हो, म्हणालीस. उपकार झाले.

हुरू: ताई, आता निघालंच आहे तर गुलिझारचंही विचार तिला.

सेविम: तिचं काय? काही नाही झालं. मागच्या वेळी आई नमाजाला गेली होती, मी तव्यावर बसले होते. पाहुणे समोर उभे, तव्यावर एकच पोळी, आणि ही मध्ये येऊन उभी राहिली. मी म्हटलं, थोडी थांब, यांचं होऊ दे. बस, एवढंच.

हुरू: एवढंच नाही. बाजूला हो, फोटोत येतेस, असं म्हणालीस. मी हाताच्या अंतरावर होते.

एल्मास: काय म्हणाली?

हुरू: बाजूला हो, फोटोत येतेस. ती पोटाला ओढणी लपेटून निघून गेली. मी मागे धावले, चीज घेऊन. म्हणाली, नको काकू, वास पोळीचा आला होता.

एल्मास: पोटुशी बाई. माझ्या तव्याचा वास घेऊन. उपाशी गेली.

सेविम: नंतर पाठवणार होते. गडबडीत राहून गेलं.

एल्मास: हुरू, ही उतरली बघ. चुक्याची आणि चीजची, तिला हीच आवडते. गरम आहे तोवर नेऊन दे. एल्मासनं पाठवली, असं म्हणू नकोस. म्हण, एल्मासला यायची लाज वाटली.

हुरू: तुला लाज वाटली, यावर विश्वास कोण ठेवेल?

एल्मास: जा म्हटलं ना. तुझ्या बरणीवर मी लक्ष ठेवते. फडकं काढून जा.

सेविम: झालं समाधान? तिच्यासमोर माझी शोभा करून?

एल्मास: उंडे इकडे सरकव.

सेविम: सगळ्या गावाच्या नजरेला वाटा आहे तुझ्याकडे. माझ्या नजरेला कधी होता? दर मंगळवारी पहाटे उठून तुझ्याबरोबर यायचे. या तव्याजवळ दिवसभर काटक्या सारायचे. भूक लागली की तू मला ती द्यायचीस, लाटताना फाटलेली, चीज बाहेर येऊन जळलेली. अख्खी पोळी तुझ्या हातून मला कधी मिळाली नाही. एकदाही नाही. मी मोजत होते.

एल्मास: मोजत होतीस?

सेविम: हो.

एल्मास: अख्खी बाहेरच्याला असते, सेविम. त्याच्यासमोर आपण नीटनेटकं ठेवतो, कारण तो परका. फाटकी घरच्याला. त्याच्यापासून काय लपवायचं? माझ्या आईनं मला फाटकीच दिली. मी तुझ्याबरोबर फाटकी खाल्ली, एकाच कागदात, ते नाही मोजलंस?

सेविम: ते मला कोणी सांगितलं नाही.

एल्मास: ते सांगायचं असतं, हे मला माहीत नव्हतं.

सेविम: आई, झालं ते झालं. कागद मी बदलते. तुझं नाव काढते, हवं तर. पण आज ती माणसं यायला निघाली असतील. काय सांगू त्यांना?

एल्मास: येऊ देत. त्यांच्या नाकात वास गेलाय, त्यांचा काय दोष? मी देईन. पण आधी तू त्यांना सांग, की इथे चव विकत मिळत नाही, तुमच्याकडून घेतलं ते चुकून घेतलं. मी ऐकत बसेन. मग रेजेपकडे जा, इस्माइलकडे जा, आणि सांग, की माझ्या आईला ठाऊक नव्हतं. रेजेपला जरा मोठ्यानं सांग.

सेविम: म्हणजे सगळ्या बाजारासमोर.

एल्मास: माझं नाव सगळ्या बाजारासमोरच गेलंय.

सेविम: आणि ही जागा? वसंतात माझ्या नावावर करणार होतीस ना? तूच म्हणालीस, गुडघे आता साथ देत नाहीत.

एल्मास: करणार होते. नगरपालिकेत विचारूनही आले होते.

सेविम: होते?

एल्मास: गुडघे अजून चालतील.

सेविम: बरं. बरं. तू म्हणशील तसं. सांगते सगळ्यांना. पण आधी मला काहीतरी दे खायला, सकाळपासून पोटात काही नाही. ती दे ना, ती कडेला ठेवलेली, फाटलेली. माझी नेहमीची.

(एल्मास तव्यावरून नवी पोळी उतरवते, चौघडी करून स्वच्छ कागदात गुंडाळते आणि गिऱ्हाइकाला देतात तशी दोन्ही हातांनी पुढे करते.)

एल्मास: तू ही घे. अख्खी आहे, कुठे फाटलेली नाही. ती घरच्यांसाठी ठेवलीय.