शाफ्टवर बसलेली रिंग

…‘तापू नकोस’ म्हणे! अहो, का तापू नको? तुम्हाला सांगते, इतक्या लांब शिकून मी परत आले कशासाठी? दारावर पाटी लावली, ‘फेकू नका, दुरुस्त करा!’ आणि पहिलं गिऱ्हाईक कोण, तर माझेच बाबा! त्यांच्या बेकरीतलं पीठ मळायचं मशीन. बेअरिंग फुटलं, छर्रे सांडले, बाहेरचं कडं हातात आलं, आणि आतली रिंग? ती शाफ्टला, म्हणजे फिरत्या दांड्याला, अशी चिकटून बसली, जणू तिला सासरी जायचंच नाही! शाफ्टला ओरखडा पडला की संपलं, तसला शाफ्ट आता कुठे मिळत नाही. बाबांनी तर भंगारवाल्याला आधीच बोलावून ठेवलेलं. टेम्पोचं फाळकं उघडं टाकून तो दारात चहा पितोय… “होऊ द्या ताई तुमचं. मला घाई नाही.”

मदतीला माझे मामा, फिटर. हाताला यश आहे हो, पण तोंडात एकच वाक्य, “तापू नकोस.”

रिंग ओढून काढायचा पुलर लावला, तीन पायांचा, खेकड्यासारखा. रिंगच्या काठाला त्याची नखं अडकवली, मधला बोल्ट आवळला… आवळला… घसरला! “तापू नकोस.” परत आवळला… ठण्ण! पुलर थेट भिंतीवर! बाबा लगेच, “मी म्हणतच होतो!” म्हटलं, बाबा, तुम्ही काही म्हणूच नका! मामा, “तापू नकोस!”

मग गॅसची बत्ती. रिंग तापली की फुगते, शाफ्ट तापायच्या आत ओढून घ्यायची, बस्स, तेवढाच काय तो वेळ! मी श्वास रोखलाय, मामा पुलर आवळतायत, हलली… अहो, केसभर हलली! आणि तेवढ्यात भंगारवाला विचारतो, “ताई, मोटर वेगळी काढून ठेवू का?” मी किंचाळले, “हात लावून तर बघा!” मामा मागून, “तापू नकोस!”

बत्तीच्या त्या फुरफुराटात मला काय ऐकू आलं? ‘तापवू नकोस!’ मी शहाण्या मुलीसारखी बत्ती बंद केली. झालं! रिंग पुन्हा आवळून बसली, आधीपेक्षा घट्ट! आणि एव्हाना शाफ्टही तापलेला, पुन्हा बत्ती लावून उपयोग नाही!

“अगं, विझवलीस का?”

“तुम्हीच म्हणालात, तापवू नकोस!”

“तू! तू तापू नकोस म्हणालो मी!”

सांगा आता, एका ‘व’साठी मशीन भंगारात?

उरला ग्राइंडर. रिंग तिरकी कापत न्यायची, शाफ्टला टेकायच्या आत थांबायचं, आणि मग छिन्नीचा घाव. ठिणग्या उडतायत, बाबा डोळे मिटून उभे, भंगारवाल्याचा कप हवेतच… “बास!” मामा म्हणाले. छिन्नी टेकवली… घाव… टक्! रिंग तडकली! शाफ्टवर बोट फिरवलं… ओरखडा नाही! अहो, रडले मी! त्याच भरात नवं बेअरिंग ठोकून बसवलं, आणि हातोडी उगारूनच भाषण सुरू, “वस्तू म्हणजे काय कचरा आहे? जी जोडता येते, ती टाकायची कशी?” बाबांनी चक्क टाळ्या वाजवल्या!

भंगारवाला निघताना आत डोकावला. बाकावरचं एक गोल झाकण त्यानं उचललं.

“ताई, हे उरलं वाटतं. एवढं तरी नेऊ?”

ते झाकण… बेअरिंगच्या आधी शाफ्टवर चढवायचं असतं हो. आधी!

बाबांच्या टाळ्या मध्येच थांबल्या. मी मामांकडे पाहिलं, मामांनी माझ्याकडे. मग त्यांनी भिंतीजवळचा पुलर उचलला, बत्ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले…

“तापू नकोस. तापव.”