शिलाई मशीनवरचा नंबर

कारखाना बुडाला होता आणि आतलं सगळं सामान लिलावात निघणार होतं. ज्याची स्वतःची वस्तू आत अडकली असेल, त्यानं आज येऊन हक्क सांगायचा होता. रांगेत माझ्यापुढे तिथलीच एक शिवणकामवाली आणि म्हातारा मिस्त्री उभे होते.

"मिस्त्रीकाका, मशीन माझं, माहेरून आणलेलं. त्यावर कंपनीचा नंबर कसा, म्हणून विचारलं तर?"

"विचारणारच."

"तुम्हीच ठोकलात ना तो? म्हणालात, कंपनीचं दिसलं की दुरुस्ती फुकट."

"हळू बोल, बाई! भिंतीलाही कान असतात."

"मग काय सांगू?"

"खरं सांगितलंस तर मी चोर ठरेन. माझी हत्यारांची पेटी आतच आहे. ती सोडतील का मग?"

"आणि मी पोरांना काय, सुया खायला घालू?"

तेवढ्यात खिडकीतून कारकुनानं बोलावलं.

"ताई, मशीनवर कंपनीचा नंबर आहे. कोणी लावला?"

तिनं मिस्त्रीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाव सांगा, नाहीतर मशीन लिलावात जाईल. चला, पुढचे कोण?"

"थांबा साहेब, माझं नाव लिहा," मिस्त्री म्हणाला. "आणि मशीन जपून उचला. स्टँडचा डावा पाय ढिला आहे, तेवढा आवळायचा राहून गेला."